दंडावरची पट्टी

गेल्या दिवाळीत सुचितानं घरच्या ओट्यावर बसून ती पट्टी पहिल्यांदा दाखवली, तेव्हा बीबी गावातल्या बाया नुसत्या पाहत राहिल्या. दोन बोटं रुंद, कांद्याच्या पापुद्र्यापेक्षा थोडी जाड, ओढली की ताणणारी, सोडली की जागेवर येणारी. तिनं ती स्वतःच्या दंडावर चिकटवली आणि वरून तांब्यानं पाणी सोडलं. अळूच्या पानावरून घरंगळावेत तसे थेंब घरंगळून खाली गेले, आणि पट्टी कोरडी ठाक.

शेजारच्या तानुबाईनं हनुवटीला हात लावला. साठीची बाई, पण तोंडाची फटकळ. म्हणाली, "काय वं, आपल्या घरच्या माणसायसारखीच हाये हे. कितीबी ओता, अंगाले लावूनच घेत नाही!"

बाया हसून हसून वाकल्या. सुचिताही हसली. तिला हसायला काय जात होतं म्हणा, पण तीन वर्षं त्या पट्टीनं तिला रडवलं होतं. चिखलीच्या एका कॉलेजात ती पदार्थविज्ञान शिकवायची आणि तास संपले की प्रयोगशाळेत स्वतःला कोंडून घ्यायची. अंगाचा ताप आणि नाडी मोजणारा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा बाजारात तयार मिळतो. तो माणसाच्या अंगावर टिकला पाहिजे ना! अंग वाकतं, अंग घामेजतं, आणि घाम म्हणजे खारं पाणी. ते आत शिरलं की तारा खाऊन टाकतं. वरून कडक लेप द्यावा तर हात दोनशे वेळा वाकला की तडे. मऊ द्यावा तर घाम खुशाल आत. शेवटी तलम रबरी जाळी आणि तिच्यावर मेण नि बारीक भुकटीचा लेप, असं गणित जमलं. मग तिनं पट्टी दहा हजार वेळा वाकवली. मिठाच्या पाण्यात ठेवली, साबणात ठेवली, ताकात ठेवली. लोणारच्या तळ्याचं खारं पाणी बाटलीत भरून आणलं, त्यातही आठवडाभर ठेवली. पट्टीनं हूं की चूं केलं नाही.

एवढी खटपट कोणासाठी, तर मायसाठी. सुचिताची माय कोकिळाबाई गावातल्या गोविंदाकाकाच्या शेडनेटमध्ये क्रॉसिंगला जायची. या भागात टमाट्याचं, मिरचीचं बियाणं तयार करतात. बाया एकेका फुलाचं तोंड चिमट्यानं उघडतात आणि त्यात दुसऱ्या झाडाच्या फुलाची पावडर लावतात. काम नाजूक आणि वेळेचं. वरून हिरवी जाळी, चारी बाजूंनी जाळी, आत वाऱ्याला मज्जाव. बाहेर बेचाळीस अंश असले की आत काय होतं ते आत जाणाऱ्यालाच ठाऊक. चार वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात कोकिळाबाई तिथंच चक्कर येऊन पडली होती. तेव्हापासून सुचिताच्या जिवाला घोर होता. माय काही काम सोडणार नव्हती, घरात बसून तिचे हात खाजवायचे.

म्हणून या एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पाच बायांच्या दंडांवर, त्यांत कोकिळाबाई आणि तानुबाईही, पाच पट्ट्या चिकटल्या. शेडनेटच्या दाराशी एक फोन पिशवीत टांगलेला. पट्ट्यांनी मोजलेलं त्या फोनला कळायचं, आणि फोन ते चिखलीला सुचिताच्या संगणकावर पाठवायचा. कोणाचाही ताप वाढू लागला की दाराशी टांगलेला फोन अशी बोंब ठोकायचा की बांधावरची ढोरंही उठावीत. बोंब ऐकली की त्या बाईनं हातातलं फूल टाकून बाहेर लिंबाखाली यायचं. पाच दिवसांत दोनदा फोन बोंबलला, दोन बाया बाहेर आल्या, पाणी प्याल्या, बऱ्या झाल्या. गोविंदाकाका गावभर सांगत सुटला.

सहाव्या दिवशी दुपारी बारा चाळीसला सुचिता प्रयोगशाळेत डबा खात बसली होती. समोर पडद्यावर पाच रेषा. तिनं घास तोंडात घालता घालता मायची रेषा पाहिली. छत्तीस पॉइंट आठ अंश सेल्सिअस. सरळ, स्वच्छ, फूटपट्टीनं आखल्यासारखी. तिला बरंच वाटलं. एवढ्या उन्हात पण माय कशी ठणठणीत आहे, असं काहीतरी तिच्या मनात आलं.

आणि मग तिनं डबा बाजूला सरकवला.

माणसाचं अंग असं सरळ राहत नाही. झोपलेल्या माणसाचीसुद्धा रेषा इकडेतिकडे हलते. आणि ही बाई बेचाळीस अंशांत, जाळीखाली, वाकून काम करते आहे. सुचितानं रेषा मागे ओढत नेली. बारा, साडेअकरा, अकरा. दहा वाजून बावीस मिनिटांपासून छत्तीस पॉइंट आठ. अडीच तास होत आले, एक कणभर हालचाल नाही.

हे काय आहे ते तिला माहीत होतं. दुसऱ्या कोणाला माहीत नव्हतं, तिलाच माहीत होतं, कारण ते तिनंच केलं होतं. फेब्रुवारीत पाहणीसाठी तज्ज्ञ येणार होते आणि तिच्या संशोधनाच्या गाईड सरांनी पडद्यावरची थरथरती रेषा पाहून तोंड वाकडं केलं होतं. "हे मुंग्यांची रांग दिसते. लोक म्हणतील पट्टीच कच्ची. जरा गाळणी लावा." तिनं अर्ध्या तासात गाळणी लावली. पट्टीकडून वेडावाकडा आकडा आला तर तो फेकून द्यायचा आणि शेवटचा शहाणा आकडा दाखवत राहायचं. रेषा सुरेख झाली. तज्ज्ञ खूश, सर खूश. पाहणी झाल्यावर गाळणी काढू, असं ती तेव्हा म्हणाली होती. नंतर परीक्षा आल्या, पेपर आले, राहून गेलं.

तिनं गाळणीच्या मागचे कच्चे आकडे उघडले. चार. नव्वद. उणे अकरा. शून्य. दोनशे. मायची पट्टी दहा बावीसलाच मेली होती. आणखी दोघींच्या पट्ट्या तिच्या पाठोपाठ गेल्या होत्या.

तिनं दाराशी टांगलेल्या फोनवर रिंग दिली. वाजत राहिली. वाजणारच, बोंब मोठी असली तरी साधी रिंग पिशवीतच विरायची, ती ऐकायला दाराशी कोण बसलंय? मग गोविंदाकाकाला लावला.

"मी तं मेहकरले आलो बाई," काका निवांत म्हणाला. "काय झालं?"

"काका, बायांना बाहेर काढा! आत्ताच्या आत्ता! पट्ट्या बिघडल्या आहेत!"

"अवं कायले भेतं? फोन बोंबलला नाही अजून. पहिले तं ह्या बाया अकरा वाजले की पळत होत्या बाहीर. आता म्या सांगून ठेवलं, पट्टी बोंबलल्याशिवाय उठाचं नाही. आज दीडपर्यंत बसाले सांगतलं. प्लॉट उशिरा लावेल हाये, फुलं वाया जाऊन राह्यली. तुह्या पट्टीनं लय सोय झाली पाय."

पट्टी नसती तर माय अकरालाच लिंबाखाली जाऊन बसली असती. पाणी प्याली असती, तानुबाईशी गप्पा हाणल्या असत्या. लेकीची पट्टी दंडावर आहे म्हणून ती आत बसली होती.

तिनं फोन कापला आणि डिंपलला लावला. डिंपल तानुबाईची सून, घरी असायची, आणि शेडनेट तिच्या घरापासून पंधरा मिनिटांच्या चालीवर.

"डिंपल, पळ! नेटवर पळ! सगळ्यांना बाहेर काढ. माय कशी आहे ते बघ आधी. फोन चालू ठेव, बंद करू नको."

"काय झालं ताई? माही सासू—"

"पळ गं बाई!"

डिंपल पळाली. चप्पल फटफटण्याचा आवाज, धापा, कुत्र्याचं भुंकणं. तो फोन कानाला लावूनच सुचिता जिने उतरली, रस्ता ओलांडला, जीपच्या अड्ड्यावर आली. मेहकरची जीप उभी होती. आत दोनच माणसं, आणि दहा झाल्याशिवाय जीप हलत नाही हे सगळ्या जगाला माहीत.

"दादा, निघा."

"बसा ना मॅडम. भरली की निघू."

"माझी माय मरून राह्यली, दादा!"

हे शब्द तिनं ठरवून उच्चारले नव्हते. तोंडातून निघाले आणि मग तिनं ते स्वतःच्याच कानांनी ऐकले. ड्रायव्हरनं तिच्या तोंडाकडे एकदा पाहिलं, तोंडातला खर्रा थुंकला आणि गाडी सुरू केली.

फोनमध्ये डिंपलच्या धापा चालूच होत्या. मग त्या थांबल्या. जाळीचं दार सरकल्याचा आवाज आला. मग खूप लांबून डिंपलची हाक, "बाहीर या वं सगळ्या! ताईनं सांगतलं, बाहीर या!" मग बायांचा गलका. कोण म्हणत होतं, काऊन, काय झालं? मग एकदम गलका थांबला, आणि डिंपलची किंकाळी.

"काय झालं? डिंपल! बोल!"

"ताई... मावशी पडेल हाये. कोपऱ्यातल्या ओळीत. कोणाले दिसलीच नाही वो झाडाआड."

"श्वास आहे का? छाती हलते का बघ!"

किती वेळ गेला कुणास ठाऊक. घड्याळात तीन-चार सेकंदच गेले असतील. "हलते. हलते ताई. पण अंग तव्यावानी तापलं. घाम नाही. डोये अर्धे उघडे. काहीबाही बरळून राह्यली."

घाम नाही. तापलेल्या अंगाला घाम नसला म्हणजे काय, हे सुचितानं तीन वर्षांत शंभर वेळा वाचलं होतं आणि दोनशे पोरांना शिकवलं होतं. आता तिला एकच कळत होतं, की वेळ नाही.

"उचला तिला. लिंबाखाली न्या. लुगडं सैल करा. पाणी टाका अंगावर. काखेत, मानेवर, जांघेत ओली फडकी. पदरानं वारा घाला. तोंडात पाणी घालू नका, ठसका लागेल!"

फोनमध्ये ओढाताण, कोणाचं रडणं, तानुबाईचा आवाज, "कांदा आण वं कोणी, तळपायाले लावा!" मग नळीतून पाणी सुटल्याचा आवाज. आणि डिंपल पुन्हा किंचाळली, "ताई, पाणी चटके देऊन राह्यलं!"

सुचितानं कपाळावर हात मारला. ठिबकच्या काळ्या नळ्या! सकाळपासून उन्हात तापलेलं पाणी, चहा करावा इतकं कढत. ते तापल्या अंगावर ओतायला तीच सांगत होती. "ते नको! माठातलं घ्या! विहिरीतून काढा!"

"माठात तांब्याभरच हाये."

"फडकं भिजवा त्यात! दोघी विहिरीवर पळा! आणि गाडी बोलवा कोणाची—"

एवढ्यात फोन मुका झाला. जीप खोलगट भागात उतरली होती आणि रेंज गेली होती.

त्यानंतरची अकरा मिनिटं सुचिता आयुष्यात विसरणार नाही. खिडकीतून लोखंडी पत्र्यासारखं ऊन आत येत होतं. रिकामी वावरं, कापसाच्या पऱ्हाटीच्या काड्यांचे ढीग, मग पुन्हा रिकामी वावरं. ती फोन हातात धरून रेंजची काडी उगवण्याची वाट पाहत होती. आपण काय केलं, काय केलं, एवढंच डोक्यात फिरत होतं. आत्ता माय गेली असेल तर? या क्षणी, ह्या वळणावर? तिनं देवाला नवस बोलायला सुरुवात केली आणि नवसात काय द्यायचं तेच तिला सुचेना. ड्रायव्हर अधूनमधून आरशातून पाहत होता. एकदा म्हणाला, "ताई, पाणी प्या जरा." तिनं मान हलवली.

रेंज आली तेव्हा डिंपलचे सात मिस्ड कॉल होते. ते पाहून तिची फोन लावायचीही हिंमत होईना. माणसाला वाईट बातमी ऐकायची नसली की बोट कसं जड होतं! शेवटी पुन्हा फोन वाजला तेव्हा उचलला.

"ताई, पिकअपमध्ये टाकलं मावशीले. दवाखान्यात नेऊन राह्यलो. वल्ल्या लुगड्यात गुंडाळली हाये."

"जिती आहे?"

"हाव ताई. जिती हाये."

मेहकरला ड्रायव्हरनं स्टँडवर गाडी थांबवलीच नाही. मागच्या दोघांना तिथंच जवळजवळ चालत्या गाडीतून उतरवलं आणि तसाच बीबीच्या रस्त्याला लागला.

सरकारी दवाखान्यात ती पोहोचली तेव्हा तीन वाजत आले होते. कोकिळाबाई खाटेवर, हाताला सलाईन, अंगावर ओली चादर, वर पंखा. डॉक्टरीणबाई तरुणच होत्या. त्या म्हणाल्या, "आणलं तेव्हा एकशे सहा ताप होता. बाहेरच अंग गार केलं म्हणून वाचल्या. आणखी अर्धा तास तिथं पडून राहिल्या असत्या तर काही सांगता आलं नसतं." बाकीच्या चौघींना थोडी भोवळ, थोडी उलटी, एवढ्यावर निभावलं होतं. सुचितानं एकेकीच्या दंडावरून पट्ट्या ओढून काढल्या. तानुबाई "अवं हळू, कातडं निघतं!" म्हणाली तरी ती थांबली नाही.

मायची पट्टी तिनं खिडकीशी नेऊन उजेडात पाहिली. पट्टी चकाकत होती. बोट लावलं तर बुळबुळीत. तिनं वर पाण्याचा थेंब टाकला. थेंब घरंगळला नाही, पसरला आणि आत मुरला.

"हे काय लागलं हिला?"

बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. मग तानुबाई, तीच फटकळ तानुबाई, मान खाली घालून बोलली. "तेल हाये बाई. टमाट्याच्या झाडानं हात काळेमिट्ट होतात नं, घासले तरी निघत नाही. म्हणून सकाळी कोपरापर्यंत गोडं तेल चोपडूनच आम्ही आत जातो. तुही माय तं तीस वर्षं झाली, तेच करून राह्यली. अन् पट्टी सुटून पडू नये म्हणून घडीघडी बोटानं दाबून पाहो. तुह्या पट्टीले काही होऊ नये म्हणून वं."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. लोणारचं पाणी आणलं, ताक आणलं, आणि जी तेलाची वाटी लहानपणापासून चुलीशेजारी पाहिली ती आठवली नाही. पाणी अडवणारा तो लेप तेलाला मुकाट्यानं आत घेत होता, आणि तेलामागून घाम गेला.

"आमचंच चुकलं बाई," दुसरी एक म्हणाली. "एवढी महागाची वस्तू, तेलाच्या हातानं बिघडवली. उद्यापासून नाही लावत तेल."

"हाव," तिसरी म्हणाली. "तू काही मनाले लावून घेऊ नको."

आणि तेव्हा, मघाच्या सगळ्या धावपळीपेक्षा जास्त, सुचिताला भीती वाटली. कारण तिच्या ध्यानात आलं की ती सुटली आहे. कोणी विचारणार नव्हतं. तेलाचा हात लागला, पट्टी बिघडली, बायांची चूक. सरही हेच लिहायला सांगतील. गाळणीचं नाव ह्या खोलीत कोणाला माहीत नव्हतं. आणि तिला गप्प बसावंसं वाटत होतं. मनापासून वाटत होतं. स्वतःची तिला शिसारी आली.

दिवस कलता कलता कोकिळाबाईनं डोळे उघडले. लेकीला ओळखलं. ओठ कोरडे पडले होते, सुचितानं चमच्यानं पाणी पाजलं. बाया खाटेभोवती गोळा झाल्या. तेलाचं सगळं पुराण तानुबाईनं पुन्हा सांगितलं, कानाची पाळी पकडून माफी मागितली. कोकिळाबाई ऐकत होती. मग तिनं सलाईन नसलेला हात हळूच चादरीतून बाहेर काढला, बाही वर सारली आणि दंड पुढं केला.

"तेल पुसून घेतलं म्या मनानं," ती क्षीण हसली. "दुसरी लाव. मले काही झालं नाही."

सुचिता खाटेच्या कडेला बसली.

"नाही लावत, माय."

"काऊन वं?"

"तेलानं पट्टी बिघडली, ते खरं आहे. पण बिघडल्यावर तिनं ओरडायला पाहिजे होतं. ती ओरडत होती. सकाळी साडेदहापासून ओरडत होती. मीच तिचं तोंड बांधून ठेवलं होतं. मोठ्या लोकांसमोर रेषा सुंदर दिसावी म्हणून. पट्टी बिघडली की शेवटचा चांगला आकडा दाखवत राहायचं, असं मी तिला शिकवलं. तुमच्यापैकी कोणाचंच काही चुकलं नाही. माझंच चुकलं."

पंखा घरघरत होता. कोकिळाबाईचा दंड अजून तसाच पुढं होता. शिकलेली नव्हती बाई, पण हिशेबाला पक्की.

"मंग मी आज तिथंच मेली असती," तिनं सावकाश विचारलं, "तं तुले चिखलीत काय दिसलं असतं?"

सुचितानं मायच्या डोळ्यांत पाहिलं. खोटं बोलायची तिची शेवटची संधी होती ती.

"छत्तीस पॉइंट आठ," ती म्हणाली. "तू घरी नाही आली म्हणून कोणाचा फोन येईपर्यंत, छत्तीस पॉइंट आठ."

कोकिळाबाईनं बाही खाली ओढली आणि हात चादरीत घेतला.